विक्रमांची पाठचिकित्सा

२९ मे २०२४ रोजी अमेरिकन बेसबॉलच्या अधिकृत नोंदपुस्तकातले एक जुने नाव खाली सरकले आणि त्याच्या जागी दुसरे आले. कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान तोवर टाय कॉब या खेळाडूकडे होता. कॉब १९२८ साली निवृत्त झाला, पण त्याची ०.३६७ ही सरासरी त्यानंतरच्या प्रत्येक पिढीला ध्रुवताऱ्यासारखी अढळ वाटत आली होती. त्या दिवशी तिच्यावर जॉश गिब्सन हे नाव आले, ०.३७२ या आकड्यासह. गिब्सन मात्र २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीच वारला होता. म्हणजे मृत्यूनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्याने हा विक्रम मोडला. आणि ज्याचा मोडला तो कॉबही १९६१ सालीच कालवश झालेला.

विक्रम मैदानावर होतात अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वरील घटना तिला छेद देते. मैदानावर चेंडू टोलावला जातो, खेळाडू धावतो, प्रेक्षक ओरडतात आणि घरी जातात. त्या क्षणाचा विक्रम होण्यासाठी कोणीतरी तो पाहावा लागतो, त्याला नाव द्यावे लागते, तो लिहावा लागतो, ते लिखाण जपावे लागते आणि इतर लिखाणांशी ताडून त्याची बेरीज करावी लागते. यातल्या प्रत्येक पायरीवर माणूस आहे, आणि माणूस आला की लेखनिकाचा हस्तदोष, संपादकाचा निर्णय आणि त्याच्या काळाचा पूर्वग्रह हेही आलेच. हस्तलिखितांचे पाठभेद, गाळलेल्या ओळी आणि प्रक्षिप्त ओव्या यांची सवय असलेल्या साहित्याच्या अभ्यासकाला हे सारे ओळखीचे वाटावे. प्रस्तुत लेखात बेसबॉलमधील काही विक्रमांकडे या नजरेने पाहण्याचा प्रयत्न आहे. बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, हे खरे. परंतु आकड्यांचा इतका कसून सांभाळ करणारा आणि म्हणूनच आकड्यांच्या घडणीविषयी इतके काही सांगणारा दुसरा खेळ क्वचितच असेल.

या नोंदलेखनाचे मूळ क्रिकेटमध्ये आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला रंजक वाटेल. हेन्री चॅडविक यांचा जन्म १८२४ साली इंग्लंडमधील एक्झेटर येथे झाला. तेराव्या वर्षी ते कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले आणि पुढे न्यूयॉर्क परिसरातील वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वृत्तांत लिहू लागले. बेसबॉलचा नाद त्यांना नंतर लागला. क्रिकेटचे धावपत्रक समोर ठेवून त्यांनी १८५९ च्या सुमारास बेसबॉलच्या सामन्याचा गोषवारा एका छोट्या तक्त्यात मांडण्याची पद्धत विकसित केली. हाच 'बॉक्स स्कोअर'. तीन फटके चुकून बाद होणाऱ्या फलंदाजासमोर आजही गुणलेखक 'के' हे अक्षर लिहितात. 'स्ट्रक' या शब्दाचे शेवटचे अक्षर म्हणून चॅडविक यांनीच ते निवडले होते.

पण तक्ता आखणारा माणूस रकाने ठरवतो, आणि रकाने ठरवताना खेळाचे मूल्यमापनही करून टाकतो. पिचरने चार चेंडू योग्य टप्प्याबाहेर टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. वाईट चेंडूंना हात न लावण्याचा संयम हेही फलंदाजाचे कौशल्यच. चॅडविक यांना मात्र तसे वाटत नव्हते. वॉक ही पिचरची चूक, तिचे श्रेय फलंदाजाला कशाला, असा त्यांचा विचार होता. फलंदाजी सरासरी म्हणजे फलंदाजाच्या 'हिट' भागिले त्याच्या फलंदाजीच्या पाळ्या. वॉक यात कोठेच धरला जात नाही. त्या पाळ्यांतही नाही, त्या हिटमध्येही नाही. संयमी फलंदाजाचा गुण त्यामुळे कित्येक पिढ्या जवळजवळ अदृश्य राहिला. वॉक धरून काढलेली, बेसवर पोचण्याची टक्केवारी अधिकृत नोंदींत दाखल व्हायला १९८४ साल उजाडावे लागले. एका पत्रकाराची अभिरुची सव्वाशे वर्षे आकड्यांचे रूप घेऊन वावरली आणि ती अभिरुची आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही.

हिट म्हणजे काय, हेही वाटते तितके सरळ नाही. फलंदाजाने चेंडू मारला आणि तो बेसवर सुखरूप पोचला तर हिट. पण क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे पोचला तर नाही. चूक झाली की नाही हे ठरवतो अधिकृत गुणलेखक, आणि विसाव्या शतकाचा बराच काळ हे काम स्थानिक वृत्तपत्रांचे क्रीडा पत्रकार करीत. १९४१ साली न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओ याने लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक हिट मिळवली. हा विक्रम आजही अबाधित आहे. या मालिकेतील तिसाव्या आणि एकतिसाव्या सामन्यांत, १७ आणि १८ जून रोजी, डिमॅजिओला प्रत्येकी एकच हिट मिळाली. दोन्ही वेळा चेंडू शिकागोच्या ल्यूक ॲपलिंगकडे गेला होता. पहिल्या दिवशी तो विचित्र उसळून त्याच्या खांद्यावर आदळला, दुसऱ्या दिवशी त्याला तो नीट धरता आला नाही. गुणलेखकाच्या जागी डॅन डॅनियल हे न्यूयॉर्कचे पत्रकार होते. त्यांनी दोन्ही वेळा हिट दिली. त्यांचा निर्णय चुकला असे येथे सुचवायचे नाही. तो कदाचित बरोबरच असेल. परंतु ५६ हा आकडा उच्चारताना आपण डिमॅजिओच्या मनगटाबरोबर डॅनियल यांच्या पेन्सिलीवरही विश्वास ठेवत असतो, एवढे ध्यानात घ्यावे.

व्याख्या बदलली की भूतकाळ कसा बदलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १८८७ चा हंगाम. त्या एका वर्षी वॉकसुद्धा हिट म्हणून मोजायचे ठरले. सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी त्या हिशेबाने ०.४९२ झाली. जवळजवळ दर दोन पाळ्यांना एक हिट! पुढच्याच वर्षी हा नियम रद्द झाला आणि नंतरच्या संपादकांनी वॉक वजा करून ओनीलची सरासरी ०.४३५ वर आणली. ओनीलने खेळलेला चेंडू एकही बदलला नाही. त्याचा अर्थ बदलला.

त्याच १८८७ साली आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही. १४ जुलै रोजी न्यूअर्क येथे शिकागोचा बलाढ्य संघ प्रदर्शनीय सामना खेळायला आला होता. संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन हा त्या काळचा सर्वांत नामांकित फलंदाज. न्यूअर्कच्या संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर होता. ॲन्सनने कृष्णवर्णीयांविरुद्ध खेळण्यास नकार दिला आणि स्टोव्ही मैदानात उतरला नाही. त्याच दिवशी न्यूअर्क ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये खेळत होते तिच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत असा निर्णय घेतला. वरच्या दर्जाच्या लीगनी असा लेखी नियम कधी केला नाही. केवळ परस्परांतील समजुतीने साठ वर्षे दार बंद ठेवले. ॲन्सनच्या एकूण हिट किती, ३,००० हून खाली की वर, यावर अभ्यासकांनी पुढे विपुल लिहिले. स्टोव्हीच्या नावावर मात्र वरच्या दर्जाचा एकही सामना नाही. १८८७ चे वॉक मोजायचे की नाही याचा वाद झाला. मोजण्याची संधीच ज्यांना मिळाली नाही त्यांचा वाद व्हायला अजून खूप अवकाश होता.

आकड्यांभोवती पैसा आणि द्वेष एकत्र आले की काय होते ते १९१० मध्ये दिसले. ह्यू चॅल्मर्स या मोटार उत्पादकाने सर्वोच्च सरासरीच्या फलंदाजाला मोटार बक्षीस जाहीर केली. शर्यत डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लाज्वे यांच्यात होती. कॉब तापट आणि भांडखोर म्हणून प्रसिद्ध; सहकाऱ्यांनाही तो नकोसा होता. लाज्वे सर्वांचा आवडता. आपली आघाडी पक्की आहे असे समजून कॉबने शेवटचे दोन सामने खेळायचे टाळले. ९ ऑक्टोबर रोजी सेंट लुइस येथे लाज्वेचे एकाच दिवशी दोन सामने होते. सेंट लुइसचा व्यवस्थापक जॅक ओकॉनर याने आपल्या तिसऱ्या बेसवरील नवख्या रेड कॉरिडनला फार मागे उभे राहण्यास फर्मावले. लाज्वेने चेंडू हळूच समोर टेकवावा आणि निवांत पहिला बेस गाठावा, असे दिवसभर चालले. आठ हिट त्याच्या खात्यावर जमा झाल्या. एका चेंडूवर हिट मिळाली नाही, तेव्हा ती द्यावी म्हणून गुणलेखकाला नव्या कपड्यांचे आमिष दाखवण्यात आले. गुणलेखकाने ते झिडकारले, ही या प्रकरणातली त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी चौकशी करून कॉबला अगदी केसाच्या अंतराने विजेता ठरवले, चॅल्मर्स यांनी दोघांनाही मोटारी दिल्या आणि ओकॉनरची गच्छंती झाली.

गोष्ट येथे संपली असे सत्तर वर्षे सर्वांना वाटत होते. मग पीट पामर या संशोधकाला जुन्या लीग-वह्या तपासताना असे आढळले की त्या हंगामातील कॉबच्या एका सामन्याची नोंद दोनदा झाली आहे. त्या सामन्यात तीन पाळ्यांत दोन हिट होत्या. ही दुबार नोंद काढून टाकली, आणि इतरही दुरुस्त्या केल्या, की १९१० चा विजेता लाज्वे ठरतो. १९८१ साली हे प्रसिद्ध झाले. तत्कालीन कमिशनर बोवी कून यांनी निकाल बदलण्यास नकार दिला. म्हणजे खोटेपणाने मिळवलेल्या हिट हिशेबात राहिल्या, कारकुनाच्या चुकीने मिळालेल्याही राहिल्या, आणि दोन चुका मिळून जो निकाल लागला त्याला परंपरेचे संरक्षण मिळाले.

या चुकीची झळ आणखी एका विक्रमाला लागली. कॉबच्या कारकिर्दीतील एकूण हिट ४,१९१ असे प्रत्येक अमेरिकन शाळकरी मुलाला पाठ होते. दुरुस्त आकडा ४,१८९. सिनसिनाटीच्या पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ रोजी आपल्या घरच्या मैदानावर ४,१९२ वी हिट मारली, खेळ थांबला, प्रेक्षक कितीतरी मिनिटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुरुस्त हिशेब मानला तर रोझने विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला शिकागोत मोडला होता. त्या हिटच्या वेळी विक्रम मोडला गेला हे मैदानातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. मग ऐतिहासिक क्षण कोणता म्हणावा? आकड्याच्या दृष्टीने शिकागोचा, आणि माणसांच्या आठवणीच्या दृष्टीने सिनसिनाटीचा. शुद्ध संहिता आणि लोकांच्या तोंडी रुळलेली संहिता यांतील तिढा साहित्याच्या इतिहासातही सुटलेला नाही.

या विखुरलेल्या नोंदींची एक संपादित आवृत्ती तयार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६९ मध्ये झाला. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने दोन हजारांहून अधिक पानांचा 'बेसबॉल एन्सायक्लोपीडिया' काढला. जुनी वृत्तपत्रे आणि लीगच्या वह्या चाळून, संगणकाच्या साह्याने प्रत्येक खेळाडूची आकडेवारी नव्याने रचण्यात आली. त्यासाठी संपादकीय धोरण ठरवणारी एक समितीही नेमली होती. या समितीने एका प्रश्नावर आधी एक आणि मग नेमका उलटा निर्णय घेतला. १९२० पूर्वी सामन्याच्या अखेरच्या क्षणी कुंपणापार गेलेल्या फटक्याला, विजयासाठी जितके बेस पुरेसे तितकेच श्रेय मिळे. समितीने अशा फटक्यांना होम रन मानायचे ठरवले. त्यामुळे बेब रूथ याच्या १९१८ मधील एका फटक्याचे रूप पालटून त्याच्या ७१४ होम रन ७१५ होणार होत्या. ७१४ हा आकडा लोकांच्या मनात इतका ठसलेला होता की शेवटी निर्णय मागे घेण्यात आला. ८ एप्रिल १९७४ रोजी हँक ॲरन याने ७१५ वी होम रन मारून रूथला मागे टाकले. समिती आपल्या पहिल्या निर्णयावर ठाम राहती तर त्या रात्री विक्रम मोडला नसता, फक्त बरोबरी झाली असती.

या ग्रंथाने काही माणसांना नवे आयुष्य दिले आणि काहींचे काढूनही घेतले. लू प्रॉक्टर नावाचा खेळाडू १९१२ साली सेंट लुइसकडून एकच सामना खेळला, अशी नोंद त्यात होती. तारघरातल्या एका गमत्या कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव सामन्याच्या वृत्तांतात घुसडले, अशी त्याची आख्यायिका सांगत. नंतरच्या संशोधनात असा खेळाडू झालाच नाही असे दिसून आले आणि प्रॉक्टरला प्रक्षिप्त ठरवून वगळण्यात आले. याउलट आर्चिबॉल्ड 'मूनलाइट' ग्रॅहम. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून तो एका सामन्यात मैदानात उतरला. फलंदाजीची पाळी एकदाही आली नाही. पुढे मिनेसोटातील चिशोम या गावी त्याने आयुष्यभर डॉक्टरकी केली. या ग्रंथातील त्याची ती एकुलती एक ओळ डब्ल्यू. पी. किन्सेला या कॅनेडियन लेखकाच्या नजरेला पडली आणि 'शूलेस जो' या १९८२ च्या कादंबरीत ग्रॅहम एक महत्त्वाचे पात्र होऊन बसला. शून्यांनी भरलेल्या एका ओळीतून कादंबरीकाराला माणूस दिसावा, याहून आकड्यांची मोठी दखल ती कोणती?

समितीच्या कामातील सर्वांत दूरगामी निर्णय मात्र याहून वेगळा होता. 'मेजर लीग' कोणत्या, हे तिला ठरवायचे होते. तिने १८७६ पासूनच्या सहा लीग निवडल्या. त्यांत १८८४ चा एकच हंगाम टिकलेली आणि दर्जाने बेतास बात असलेली युनियन असोसिएशनही होती. कृष्णवर्णीयांच्या लीगचा तिने विचारच केला नाही. विचार करून त्या नाकारल्या असे झाले नाही. त्या विषयपत्रिकेवरच आल्या नाहीत. समितीत खलनायक कोणी नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या जी कागदपत्रे 'खरी' समजली जात आली त्यांपुढेच त्यांनी आपली मेहनत वाहिली. अन्याय पुष्कळदा असाच, चोख हिशेबाच्या आडून चालू राहतो.

आता तारकाचिन्हाची गोष्ट. १९६१ मध्ये हंगामातील सामने १५४ वरून १६२ झाले आणि त्याच वर्षी यांकीजचा रॉजर मॅरिस रूथच्या १९२७ मधील ६० होम रनच्या मागे लागला. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी १७ जुलै रोजी जाहीर केले की १५४ सामन्यांनंतर हा विक्रम मोडला गेल्यास त्याची नोंद वेगळी केली जाईल. योगायोग असा की टाय कॉब वारला तो याच दिवशी. फ्रिक पूर्वी पत्रकार असताना रूथच्या नावाने लेख लिहून देत, हेही येथे नोंदवले पाहिजे. मॅरिसने १ ऑक्टोबरला, शेवटच्या सामन्यात, ६१ वी होम रन मारली. ती पाहायला अवघे २३,१५४ प्रेक्षक होते. त्याच्या आकड्यापुढे तारका छापली जाते असे जगभर मानले गेले. प्रत्यक्षात तशी तारका अधिकृत पुस्तकात कधी छापलीच गेली नाही. दोन विक्रम स्वतंत्रपणे दिले जात, इतकेच. १९९१ मध्ये हा भेद रद्द झाला. मॅरिस १९८५ सालीच गेला होता. न छापलेल्या चिन्हाने त्याला आयुष्यभर छळले. पुढे बॅरी बाँड्सने २००७ साली ॲरनचा विक्रम मोडला तेव्हा उत्तेजक द्रव्यांच्या संशयामुळे त्याच्या ७५६ व्या होम रनच्या चेंडूवर, तो लिलावात घेणाऱ्या गृहस्थाने लोकांचा कौल घेऊन, खरोखरच तारका कोरवली. तो चेंडू आता कूपर्सटाउनच्या संग्रहालयात आहे.

अचूकतेचा आग्रह निरर्थक आहे, असा याचा अर्थ घेऊ नये. शिकागोच्या हॅक विल्सनने १९३० मध्ये आपल्या फटक्यांवर १९० धावा मिळवून दिल्या, असे जवळजवळ सत्तर वर्षे छापले जात होते. त्यातील एक धाव चुकून चार्ली ग्रिम या त्याच्या सहकाऱ्याच्या खात्यावर गेली होती, हे संशोधकांनी दाखवून दिले आणि १९९९ मध्ये अधिकृत आकडा १९१ झाला. विल्सन १९४८ सालीच कंगाल अवस्थेत मरण पावला होता. एका धावेसाठी लोकांनी वर्षानुवर्षे जुनी वृत्तपत्रे का धुंडाळावीत? कारण जी गोष्ट ज्याने केली ती त्याच्या नावावर असावी, ही साधी नैतिक अपेक्षा त्यामागे आहे. ही अपेक्षा एका धावेला लागू असेल, तर हजारो सामन्यांना का नसावी?

कॅन्सस सिटी येथे १९२० साली रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. ती आणि तिच्यासारख्या इतर लीग १९४८ पर्यंत नांदल्या. गोऱ्यांच्या दैनिकांना त्यांच्या सामन्यांचे सोयरसुतक नव्हते. जे काही छापले जाई ते 'पिट्सबर्ग कूरियर', 'शिकागो डिफेंडर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत, तेही कधी पूर्ण, कधी अर्धवट. लीगचे अधिकृत सामने हंगामात फार तर साठ-सत्तर. पोटासाठी गावोगावी फिरून खेळलेले सामने याहून कितीतरी अधिक, आणि ते बहुतेक बेहिशेबी. रॉबर्ट पीटरसन यांचे १९७० चे पुस्तक, १९७१ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचे सभासद, लॅरी लेस्टर आणि गॅरी ॲशविल यांच्यासारखे चिकाटीचे अभ्यासक यांनी मायक्रोफिल्मच्या रिळांतून एकेक बॉक्स स्कोअर उतरवून घेतला. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील अशा सात लीगना मेजर लीगचा दर्जा जाहीर झाला आणि २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंची आकडेवारी मुख्य नोंदींत मिसळण्यात आली. तोवर त्या काळातील सुमारे तीन-चतुर्थांश नोंदी हाती लागल्या होत्या. लेखाच्या आरंभी सांगितलेली घटना ती हीच.

यावर आक्षेप आले. गिब्सनची १९४३ मधील ०.४६६ ही सरासरी आता एका हंगामातील सर्वोच्च मानली जाते. तिने ह्यू डफीच्या १८९४ मधील ०.४४० ला मागे टाकले. इतक्या थोड्या सामन्यांवरची सरासरी लांब हंगामाच्या सरासरीशेजारी ठेवावी काय? प्रश्न गैर नाही. पण २०२० मध्ये साथीमुळे मेजर लीगनी स्वतःच साठ सामन्यांचा हंगाम खेळवला आणि त्यातील विक्रम निमूटपणे नोंदले. शिवाय डफीची सरासरीही जुन्या पुस्तकांत ०.४३८ होती, ती संशोधनानेच ०.४४० झाली. अढळ आकडा असा कोणता नव्हताच.

मला अधिक गंभीर वाटणारा आक्षेप वेगळा आहे. गिब्सनच्या कूपर्सटाउन येथील स्मृतिफलकावर त्याने लीग आणि इतर सामने मिळून जवळजवळ ८०० होम रन मारल्याचा उल्लेख आहे. अधिकृत नोंदींत आता त्याच्या नावावर दोनशेच्या आतच होम रन आहेत. दंतकथेतला गिब्सन रूथपेक्षाही मोठा होता. आकड्यांतला गिब्सन सरासरीत पहिला आला, पण होम रनच्या यादीत कोठेतरी खाली हरवला. कागदावर न उतरलेले सामने नोंदीत येणार कोठून? नोंदपुस्तकात प्रवेश मिळाला तो त्या पुस्तकाच्या अटींवर. त्याहून धोक्याची गोष्ट अशी की ०.३७२ आणि ०.३६७ एकाखाली एक वाचणाऱ्या उद्याच्या विद्यार्थ्याला वाटेल, हे दोघे एकाच जगात खेळले. ते तसे खेळले नाहीत. गिब्सनला त्या पिचरांसमोर उभे राहू दिले नाही, आणि कॉबलाही गिब्सनच्या जगातले पिचर कधी पाहावे लागले नाहीत. जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी ते दार उघडले. गिब्सन जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

चांगली चिकित्सक आवृत्ती केवळ शुद्ध पाठ देत नाही. तो कोणत्या पोथ्यांवरून घेतला आणि कोणत्या पोथ्या नष्ट झाल्या हेही तळटीपेत सांगते. मॅरिसला जिची धास्ती वाटली ती तारका येथे खरोखर उपयोगी पडेल, असे मला वाटते. ती गिब्सनच्या आकड्यापुढे नको. ती १९४७ पूर्वीच्या कॉब, रूथ, ॲन्सन या साऱ्यांच्या आकड्यांपुढे हवी. त्यांचा मोठेपणा कमी करण्यासाठी नव्हे. ते कोणाविरुद्ध खेळले नाहीत, हे वाचकाला कळावे म्हणून. पाठ तोच राहूनही अर्थ बदलू शकतो, हे विल्यम एडवर्ड व्हाइट याच्या उदाहरणाने दिसते. २१ जून १८७९ रोजी तो प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळला: चार पाळ्या, एक हिट. सव्वाशे वर्षे ती ओळ कोणाच्या नजरेत भरली नाही. मग संशोधकांना आढळले की तो जॉर्जियातील एका गोऱ्या मालकाचा आणि त्याच्या गुलाम स्त्रीचा मुलगा होता. पुढे तो गोरा म्हणूनच जगला. आकडा एकही हलला नाही. ओळ मात्र पूर्वीची राहिली नाही.

२०२४ च्या त्या दुरुस्तीत विली मेज याच्याही एकूण हिट ३,२८३ वरून ३,२९३ झाल्या. वाढलेल्या दहा हिट १९४८ सालच्या, बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स या संघाकडून सतराव्या वर्षी मारलेल्या. त्या हिशेबात आल्या तेव्हा मेज त्र्याण्णव वर्षांचा होता. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ जून रोजी, तो वारला. गिब्सनला आपला आकडा कळला नाही. मेजला निदान दहा हिटपुरते तरी ते भाग्य लाभले.